दुसऱ्या मॉरिसची डावी सीट

१

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला मी रुईकर कॉलनीत दादांच्या दारात असते. पाऊस असो, कुणाचं लग्न असो. पिशवीत मऊ फडकं, मेणाची डबी, दाभण आणि जाड दोरा. उद्यमनगरात माझं सीट शिवायचं दुकान आहे. ट्रकची, रिक्षाची, कुणाच्या बुलेटची, येईल ती सीट शिवते. पण दादांच्या मॉरिसचं काम दुकानात होत नाही. तिच्या घरी जाऊन करावं लागतं, माहेरवाशिणीची वेणी घालावी तसं.

गाडी एकोणीसशे अडतीस सालची. टप कापडी, दारं चार, रंग पिकल्या जांभळाचा. दादांनी ती गडहिंग्लजला एका व्यापाऱ्याच्या गोठ्यात बघितली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्यांच्या बायको, संयोगितावहिनी म्हणाल्या, "आधी पिल्लं बाहेर येऊ देत, मग गाडी न्या." दादा एकवीस दिवस थांबले. व्यापारी अजून हसतो म्हणे.

वहिनी पुढं डाव्या बाजूला बसायच्या. छत्तीस वर्षं बसल्या. अंगानं भारदस्त बाई, आणि बसायची सवय दाराकडं जरा कलून. त्या गेल्या, त्यानंतर दादांनी मला बोलावलं, सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "क्रांती, कातडं बदल, शिलाई बदल. पण हा खड्डा बुजवायचा नाही."

आतला काथ्या मी जसाच्या तसा उचलला, एक काडी हलू न देता, आणि नवं कातडं वर ओढलं. त्या खड्ड्यात माझी चार बोटं आडवी बुडायची. दाराकडच्या अंगाला अंगठासुद्धा. आयुष्यात हजारो सीटा शिवल्या, पण ते काम झाल्यावर मी माझ्याच हाताला नमस्कार केला.

मेण लावून झालं की चहा, आणि चहा झाला की रंकाळ्यापर्यंत फेरी. दादा गाडी चालवणार, मी मागं, डावी सीट रिकामी. दादा वाटभर त्या सीटशी बोलायचे. "बघितलंस, इथला पिंपळ पाडला," किंवा "ह्याच्याकडचा वडा आता तसला राहिला नाही." मी बाहेर बघायची. नवरा-बायकोच्या बोलण्यात तिसऱ्यानं कान कशाला घालायचा?

२

ऋतुराजचे वडील माझ्या शेजारच्या गाळ्यात लेथ चालवायचे. पोरगं शिकलं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड घेतली आणि जुन्या गाड्या नव्या बनवायला लागलं. दुरुस्त नव्हे हं, नव्या. पत्रा नवा, चासी नवी, इंजिन आजच्या लहान गाडीचं, आणि वरून बघाल तर तुमच्या आजोबांच्या वरातीतली. हॉटेलवाले घेतात. लग्नात भाड्यानं देणारे घेतात. जुनी गाडी तर पाहिजे पण हात काळे करायला नकोत, असले हौशीही घेतात.

त्यामुळं जुन्या गाड्यांच्या मंडळाची पार रया गेली. आधी मेळाव्याला माणसं एकमेकांच्या गाडीखाली झोपायची. कुठला पार्ट कुठल्या भंगारात मिळाला ते सांगायची. आता खिशात चुंबक घेऊन येतात. बोलता बोलता दुसऱ्याच्या बॉनेटला लावून बघतात, पत्रा आहे की फायबर. ऋतुराज पक्का. तो पत्राच वापरतो, तोही हातानं ठोकलेला. मग चुंबक सगळ्यांनाच चिकटतं आणि संशय काही सुटत नाही. पंचवीस वर्षांचे दोस्त एकमेकांच्या चासी नंबरावर भिंग घेऊन वाकायला लागले.

तर ह्या ऋतुराजनं दादांना गाठलं. "दादा, दोन दिवस गाडी द्या. मशीननं मापं घेतो. तुमची मॉरिस अमर हुईल."

दादा मंडळात कुणाला न विचारता हो म्हणाले. मी तोंडावर विचारलं, तर हसले. "अगं, ही एकटीच आहे. हिला एक बहीण असू दे."

बहिणीच्या सीटा शिवायचं काम माझ्याकडंच आलं. आणि तिथं माझं अन् ऋतुराजचं वाजलं.

आमची आई, बायडाबाई, वाकळ म्हणजे गोधडी शिवायची. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी ती आत भाकरीचा एवढासा तुकडा ठेवायची. त्याला घास म्हणायची. "अंगाला लागणाऱ्या वस्तूचं पोट रिकामं ठिवू ने. उपाशी वाकळ माणसाची ऊब खाती," असं तिचं म्हणणं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण मी प्रत्येक सीटमध्ये घास घालते. रिक्षाच्यासुद्धा. हात धुतल्यासारखी सवय.

ऋतुराजनं बघितलं. "आक्का, ह्ये काय घालालाय?"

"घास."

"मुंग्या लागतील की."

"तीस वर्षात लागल्या न्हाईत त्या आता लागतील व्हय?"

"ते काथ्यात. ह्यो फोम हाय, मशीनमधनं मापात निघालेला. ह्याच्यात घासाला जागाच न्हाय." त्यानं दोन बोटांनी तुकडा काढला आणि दारातल्या कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं आवडीनं खाल्ला.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण पोरगं माझ्या ओट्यावर वाढलेलं. शेवटी मी तशीच शिलाई मारली. सगळ्या सीटा सपाट, पाटासारख्या ताठ. वर प्लॅस्टिक चढवलं आणि घरी आले.

३

तीन आठवड्यांनी ऋतुराजचा फोन. मागच्या सीटचं एक बटण ढिलं झालंय. बसनं कागलला गेले. बटण म्हणजे पाच मिनिटांचं काम. उठताना आधाराला म्हणून पुढच्या डाव्या सीटवर हात टेकला, आणि हात खाली गेला.

प्लॅस्टिक तसंच होतं, एक सुरकुती नव्हती. मी प्लॅस्टिक वर करून बोटं आडवी धरली. एक बोट बुडलं. दाराकडच्या अंगाला दोन.

"हिच्यात कोण बसलंतं?" मी ओरडले.

"कोण बसतंय? गाडीला कुलूप असतंय," ऋतुराज म्हणाला. "फोमचा माल खराब लागला असंल. बदलून घेतो की."

खराब फोम बसतो, हे मला माहीत नाही का? पण तो बसतो मधोमध. दाराकडं कलून नाही बसत.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. कृष्णात टेम्पो चालवतो, त्याला गाडीच्या बाहेरचं काही खरं वाटत नाही.

"तुला आता नवी सीट बी जुनी दिसायला लागली," तो म्हणाला. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"बोटाला चष्मा लागत न्हाय."

"मग बोट दाखीव डॉक्टरला. आमटी वाढ."

वाढली. काय करणार!

४

पहिला रविवार आला. दादांच्या घरी मेण लावायला घेतलं. डाव्या सीटवर फडकं फिरवताना हात थांबला. बोटं आडवी धरली. तीनच बुडाली.

परत धरली. तीनच.

कातडं ओढलं जातं कधीकधी, मी मनाला सांगितलं. हवा बदलली की काथ्या फुगतो. मग मी दाराच्या आतल्या लाकडी पट्टीवर हात फिरवला. तिथं वहिनींच्या बांगड्यांनी छत्तीस वर्षांत बारीक रेघा पडल्या होत्या, भाकरीच्या कडेसारख्या खरबरीत. त्या निम्म्या गेल्या होत्या. पॉलिश केलं म्हणावं तर पॉलिशचा वास नव्हता. ओळखीचा वासच नव्हता कसला. वहिनी कायम बडीशेप चावायच्या, तो वास त्या बाजूला अजून असायचा. मी नाक लावलं. नवा पत्रा कसा निर्जीव वास मारतो, तसला वास आला.

फेरीला निघालो. दादा गप्प. पहिल्यांदाच गप्प. रंकाळ्याच्या वळणावर त्यांनी डावीकडं बघितलं आणि साधं, पत्ता विचारावा तसं विचारलं, "ह्या बाजूला कोण असायचं गं?"

मी पुढं वाकले. "वहिनी, दादा."

"हां. वहिनी," ते म्हणाले. दुसऱ्या कुणाची वहिनी असावी तसं.

घरी आल्यावर मी पुण्याला त्यांच्या मुलीला, अनुजाला फोन लावला. तिनं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले वय झालं, अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय कमी? हेही खरंच. कृष्णातचे चुलते शेवटी स्वतःचं धोतर ओळखायचे नाहीत. मी स्वतःला दहा वेळा समजावलं की म्हाताऱ्या माणसाचं विसरणं आणि सीटचा काथ्या, ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तरी मी दोऱ्याला बोटाबोटावर गाठी मारल्या. दादांची सीट मापली, कागलला जाऊन ती दुसरी मापली. पुढच्या महिन्यात परत. इथं एक गाठ वर यायची, तिथं एक गाठ खाली जायची. आणि दर खेपेला दादांच्या तोंडातून काहीतरी गेलेलं असायचं. कधी कोंबडीची गोष्ट गेली, कधी वहिनींचं माहेर. एक दिवस भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "बाई प्रेमळ दिसते."

तो फोटो सोडला तर त्या माणसाकडं वहिनींचं दुसरं काही उरलं नव्हतं. साड्या वाटून टाकल्या होत्या. आवाज कुठं भरून ठेवला नव्हता. त्या खड्ड्यात आणि त्यांच्या डोक्यात, एवढ्या दोनच जागी ती बाई होती. आणि दोन्हीकडून कुणीतरी तिला उचलून नेत होतं.

कागलच्या शेडमध्ये त्या सीटशेजारी गुडघ्यावर बसून मी गाठी मोजत होते, दुपारचे बारा वाजले असतील. दाराच्या आतून किणकिण आली. काचेच्या बांगड्या लाकडाला लागाव्या तशी, एकदाच.

"पत्रा तापला की वाजतोय, आक्का," ऋतुराज लांबून म्हणाला.

मी बघितलं. दाराच्या नव्याकोऱ्या पट्टीवर बारीक रेघा उमटायला लागल्या होत्या.

५

जानेवारीत मंडळाचा मेळावा झाला, एका शाळेच्या मैदानावर, सकाळी दहाला. दोन्ही मॉरिस शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या आणि भोवती ही गर्दी. चुंबकं निघाली. दोघींना चिकटली.

मंडळात जोतीराम म्हणून एक जुने गृहस्थ आहेत. इंजिनावर कान ठेवून साल सांगतात. लोकांनी त्यांना पुढं केलं. "सांगा, खरी कुठली?" त्यांनी बॉनेट उघडू दिलं नाही. म्हणाले, इंजिन बघून कुणीही सांगेल. दोन्ही गाड्यांच्या दारांवरून हात फिरवला, डाव्या सीटा दाबल्या, वास घेतला. मग ऋतुराजच्या गाडीवर थाप मारली. "ही. हिच्यात माणूस वावरलंय. ती दुसरी म्हणजे निव्वळ पत्रा."

बॉनेट उघडलं तेव्हा आत आजचं इंजिन. हशा पिकला. जोतीराम हसले नाहीत. ते हात पुसत राहिले, कितीतरी वेळ.

दादा तेवढ्यात आले. अनुजानं आणून सोडलं होतं. त्यांना आपण कुठं आलोय हेही धड कळत नव्हतं, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. ते स्वतःच्या गाडीवरून सरळ पुढं गेले. दुसरीपाशी थांबले. डावं दार उघडून धरलं, थोडा वेळ थांबले, आणि कुणाचा पदर अडकू नये तसं हळू लावलं. मग वळसा घालून उजवीकडं बसले, आणि त्यांचा चेहरा परत आला. दुसरा शब्द मला सापडत नाही. गेलेला चेहरा परत आला.

"ऊन लागतंय, पदर घे," ते डावीकडं बघून म्हणाले. "क्रांतीनं बटणं छान बसवलीत, नाही?"

तिथंच त्यांनी अदलाबदल केली. ऋतुराज बिचारा घाबरला. "दादा, खरी दिऊन नकली घेतायसा? लोक मला मारतील."

"खरी कुठली ते मला शिकवू नकोस रे पोरा."

मंडळात महिनाभर टिंगल चालली. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला भुरळ पडली, कुणी म्हणालं आता आमच्या जुन्या गाड्यांना भाव कशाला राहील, लोक नवीच मागतील. मी कुणाशी भांडले नाही. मी ती गाडी शिवली होती. तिचं पोट मी बंद केलं होतं, रिकामं.

६

दोन महिने दादा सुखात होते, हे मी देवाशपथ सांगते. फेरीत नुसती बडबड. अधूनमधून थांबायचे, ऐकायचे आणि हसायचे. मागं बसून मला फक्त इंजिन ऐकू यायचं.

पण जुन्या मॉरिसमध्ये आता घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि नवीतला खड्डा वाढतच होता. मनगट बुडायला लागलं. मग ही गाडी आता घेत होती कुणाकडून?

दादांकडं बघितलं की कळायचं. गाडीत सगळं आठवायचं, आणि उतरले की एकेक पायरी खाली गेलेले. शर्ट अंगावर लोंबायचा. घास तोंडात ठेवून चावायचं विसरायचे. एका रविवारी दार उघडून मला म्हणाले, "पावणं, कोण पाहिजे?" गाडीत बसल्यावर तेच म्हणाले, "क्रांती, कृष्णातचा गुडघा कसा आहे?"

मी चालत्या गाडीत बोलले. तिथंच ते शुद्धीत असायचे. आईची रीत सांगितली, ऋतुराजनं काढलेला तुकडा सांगितला, दोऱ्याच्या गाठी सांगितल्या. म्हटलं, "मला हिची शिलाई उसवू द्या. घास घालते."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं हसतील.

"नको," ते म्हणाले. "पोट भरलं की माणूस पाटावरून उठतं, क्रांती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

"आन् न्हाय भरलं तर तुम्ही संपशीला."

"संपू दे की. कुणाला लागतोय मी?"

"आमाला लागतायसा," मी म्हणाले. माझा आवाज चढला, चढू दे. "आन् वहिनींस्नी इचारलंसा? कोंबडीच्या पिल्लांसाठी तुम्हाला एकवीस दिवस ताटकळत ठिवलेली बाई ती. नवऱ्याला खाऊन बसंल व्हय ती? तिला दुसरं काय मिळत न्हाय म्हणून खातीया. उपाशी ठिवलंय आपुन तिला."

दादा डाव्या सीटवर हात ठेवून तसेच बसले. घरी येईपर्यंत त्यांनी पुन्हा तिच्याशी शब्द काढला नाही, आणि उतरल्यावर मी कोण हे विसरले.

७

मागच्या रविवारी मी पहाटेच भाकरी थापली आणि गरम तुकडा फडक्यात बांधून नेला. दादा स्वयंपाकघरात साखर शोधत होते. शोधू दिली. डाव्या सीटच्या मागचं पायपिंग, म्हणजे कडेची शिवलेली पट्टी, उसवलं, हात आत घातला.

आत फोम नव्हता. काथ्या होता. जुना, मऊ पडलेला, मी एक काडी न हलवता उचललेला तोच. बोटांना ओळख पटली. मी स्वतःला म्हटलं, घाबरायचं नंतर, आधी काम.

घास पुढं केला. तो माझ्या बोटांतून घेतला गेला. ओढला नाही. पंगतीत ओळखीचं माणूस घेतं तसा, आधी माझ्या बोटांना हात लावून, मग घेतला.

अकरा टाके घातले. एकही सरळ आला नाही.

दादा चहा घेऊन आले, बिनसाखरेचा. आम्ही प्यालो. फेरीला निघालो, मी मागं उजवीकडं, त्यांच्या पाठीशी. रंकाळ्याच्या काठाला त्यांनी गाडी थांबवली. डावीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. लोक फिरत होते, भेळवाला गाडा पुसत होता.

"क्रांती," ते म्हणाले. "संयोगिता गेली त्याला चार वर्षं झाली."

"व्हय, दादा."

"मला बडीशेप आणायला पाठवलं होतं तिनं दवाखान्यातून. परत आलो तर..." आणि मग ते रडले. चार वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. रडू दिलं. सगळं आठवत होतं त्यांना, कोंबडी, गोठा, माहेरचं गाव, शेवटचा दिवस. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि शर्टाचं चुकलेलं बटण स्वतःच काढून नीट लावलं.

"मला घातलासच शेवटी घास," ते म्हणाले.

"तुम्हाला न्हाय. तिला."

"तेच ते." मग म्हणाले, "भूक लागली गं. कृष्णातला बोलावून घे, मिसळ खाऊ."

त्यांनी गाडी चालू केली. पुढची डावी सीट वर येत होती. सावकाश, बसलेलं माणूस उठल्यावर गादी येते तशी. चार बोटं, तीन, दोन. मग सपाट, पाटासारखी. दादांचं लक्ष रस्त्यावर होतं, आणि ते शीळ घालत होते.

मी बाहेर बघायला लागले. पाटावरून उठलेलं माणूस कुठं जातं, हे मी आईला कधी विचारलं नव्हतं.

माझ्या शेजारची सीट खाली गेली. एकदम नाही. आधी दाराच्या कडेला, मग पुरती, जड माणूस दम खात बसतं तशी.

दादांना मी काही सांगितलं नाही. सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.